सेंद्रियाचा शिक्का आणि आपली सही



देवास शहरात सरकारी नोटांचा छापखाना आहे. तेथे छापलेली नोट वस्तुतः कागदाचीच असते; पण तिच्यामागे सरकारचा शब्द उभा असतो, म्हणून दुकानदार तिच्या बदल्यात माल देतो. नकली नोट नकळत हाती आली, तर कायदा त्या माणसाला गुन्हेगार मानीत नाही. मात्र ती नकली आहे हे कळल्यावरही जो ती पुढे खपवतो, तो गुन्हेगार ठरतो.

‘सेंद्रिय’ हा शब्द, किंवा आपल्या मध्य प्रदेशात पोत्यांवर लिहितात तो ‘जैविक’ हा शब्द, आता अशाच नोटेसारखा झाला आहे. तो शब्द असला की कापसाला, गव्हाला, डाळीला चढा भाव मिळतो. आणि ज्याला भाव मिळतो त्याची नक्कल होते, हा बाजाराचा जुना अनुभव आहे.

प्रस्तुत पाठात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. माल सेंद्रिय नसताना तो सेंद्रिय म्हणून विकला गेला, तर कायद्याने जबाबदार कोण? शेतकरी, गटाचा सचिव, जिनिंगचा मालक, व्यापारी, की दुकानदार? धार व देवास या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांची नावे आज कोणत्या ना कोणत्या सेंद्रिय गटाच्या यादीत आहेत. म्हणून हा प्रश्न वकिलांवर सोडून देण्यासारखा नाही.

१. सेंद्रियपण डोळ्यांना दिसत नाही

दुधात पाणी घातले तर ते मोजता येते. तुरीच्या डाळीत लाखीची डाळ मिसळली तर जाणती गृहिणी ती ओळखते. पण सेंद्रिय गहू आणि साधा गहू शेजारी शेजारी ठेवले, तर रंगावरून, वासावरून वा चवीवरून कोणालाही खात्रीने फरक सांगता येणार नाही.

प्रयोगशाळेलाही येथे मर्यादा आहेत. कीटकनाशकाचा अंश दाण्यात राहिला असेल तर तो तपासणीत सापडतो. कापसाचे पान किंवा सरकी बीटी वाणाची आहे की नाही, हे एका साध्या पट्टीच्या चाचणीने कळते. परंतु शेतात युरिया टाकला होता काय, तणनाशक दोन वर्षांपूर्वी फवारले होते काय, हे दाणा पाहून सहसा सिद्ध होत नाही.

याचे कारण असे की ‘सेंद्रिय’ हे मालाच्या गुणाचे नाव नसून पिकविण्याच्या रीतीचे नाव आहे. ती रीत कोणी पाहिली? शेतकऱ्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने. म्हणून सेंद्रिय मालाचा सगळा व्यवहार साक्षीवर चालतो. शेतकऱ्याची वही, गटाची नोंद, तपासनीसाचा अहवाल, विक्रीचे प्रमाणपत्र ही त्या साक्षीचीच वेगवेगळी रूपे होत. पोत्यावरचा शब्द म्हणजे या सर्वांनी मिळून दिलेली साक्ष. हे नीट समजले की पुढचा कायदा समजणे सोपे जाते.

२. ही साक्ष कशी तयार होते?

आपल्या देशात सेंद्रिय मालाला मान्यता देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली पद्धत ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’ या नावाची. ती २००१ साली सुरू झाली व केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील अपेडा ही संस्था तिचे काम पाहते. परदेशी जाणारा माल प्रामुख्याने या पद्धतीने प्रमाणित होतो. एकेका लहान शेतकऱ्याला तपासणीचा खर्च परवडत नाही, म्हणून अनेक शेतकऱ्यांचा एक गट करतात. गटाचे लोक स्वतः सभासदांची शेते पाहतात, आणि बाहेरची प्रमाणन संस्था त्यांतील काही शेते नमुन्यादाखल तपासते. वार्षिक पिकांसाठी पेरणीपूर्वी निदान २ वर्षे, आणि फळझाडांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वी निदान ३ वर्षे शेत नियमांनुसार राखावे लागते. जनुके बदललेले बियाणे या पद्धतीत मुळीच चालत नाही.

दुसरी पद्धत ‘सहभाग हमी पद्धत’. तिला पीजीएस असे म्हणतात. केंद्रीय कृषी मंत्रालयाने ती देशांतर्गत बाजारासाठी २०११ साली सुरू केली. येथे एकाच गावातील शेतकरी एकमेकांची शेते पाहतात व एकमेकांसाठी सही करतात. संक्रमण काळातील मालाला ‘पीजीएस ग्रीन’ आणि पूर्ण पात्र मालाला ‘पीजीएस ऑरगॅनिक’ असे म्हणतात.

खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली वेगळे नियम केले. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थाला वरील दोहोंपैकी एका पद्धतीचा आधार असावा लागतो, आणि तशा वेष्टनासाठी २०१७ च्या त्या नियमांनी ‘जैविक भारत’ हे चिन्ह ठरविले. ठरवून दिलेल्या मर्यादेतील लहान उत्पादक आपला माल थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सूट आहे. पण त्याने ते चिन्ह मात्र वापरायचे नाही. ही सूट कागदाची आहे, खोटे बोलण्याची नव्हे, हे ध्यानी घ्यावे.

३. खोटेपणा कोठून शिरतो?

धार जिल्ह्याचे दोन भाग आपण जाणतो. विंध्याच्या वर माळव्याची काळी जमीन, तेथे सोयाबीन व गहू. विंध्याच्या खाली नर्मदेकडे मनावर, कुक्षी, धरमपुरी, तेथे कापूस. शेजारच्या खरगोन जिल्ह्यात कसरावदच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या आरंभापासून सेंद्रिय कापसाचे काम चालू आहे. आज प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेश देशात अग्रभागी आहे, आणि जगाच्या सेंद्रिय कापसात भारताचा वाटा सर्वांत मोठा आहे.

पण याच कापसाची दुसरी बाजूही आहे. बीटी कापसाला २००२ साली भारतात परवानगी मिळाली आणि आज देशातील कापसाचे बहुतेक सर्व क्षेत्र त्या वाणांखाली आहे. बीटी नसलेले चांगले बियाणे मिळणेच दुरापास्त झाले आहे. मग एवढा सेंद्रिय कापूस येतो कोठून, असा प्रश्न जगाने विचारला तर त्याचा राग कसा मानावा? जानेवारी २०१० मध्ये एका जर्मन वृत्तपत्राने भारतातील सेंद्रिय कापसात बीटी कापूस मिसळला जात असल्याचे वृत्त दिले व युरोपात मोठी खळबळ उडाली.

ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचा जागतिक दर्जा ठरविणाऱ्या जीओटीएस या संस्थेने भारतातील एक मोठी फसवणूक उघड केली. सुमारे २०,००० टन, म्हणजे २ लाख क्विंटल कापसाची व्यवहार प्रमाणपत्रे बनावट निघाली. सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून, त्या नकली जागी नेणाऱ्या खुणा प्रमाणपत्रांवर छापल्या होत्या. अकरा कंपन्यांवर त्या संस्थेने दोन वर्षांची बंदी घातली.

त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय तपासणीवर विसंबण्याचा करार संपविण्याचे जाहीर केले. जुलै २०२२ पासून तिकडे जाणाऱ्या मालाला अमेरिकेने मान्य केलेल्या प्रमाणन संस्थेकडून थेट तपासून घेणे भाग पडले. युरोपीय संघानेही २०२२ च्या आरंभापासून भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. तेथे मुख्य कारण तिळात सापडलेल्या इथिलीन ऑक्साइडचे होते. या सगळ्याचा भार कोणावर पडला? ज्याने खोटा कागद केला त्याच्यावर थोडा, आणि ज्याने खरोखर शेण, कंपोस्ट व कडुनिंबावर पीक काढले होते त्याच्यावर अधिक.

२०२५ साली मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, सेंद्रिय कापसाच्या गटांत शेतकऱ्यांची नावे त्यांच्या नकळत वापरली गेल्याचा आरोप केला. केंद्र सरकारने प्रमाणीकरणाच्या व्यवस्थेची बाजू मांडली. आरोप सिद्ध होणे हे तपासाचे व न्यायालयाचे काम आहे. येथे आम्ही त्याचा निवाडा करीत नाही. परंतु असा प्रकार कसा घडू शकतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावे.

एक हिशोब पाहू. समजा एका शेतकऱ्याची २ एकर जमीन गटाच्या यादीत आहे. एकरी ४ क्विंटल धरले तर त्याचा सेंद्रिय कापूस ८ क्विंटल झाला. गटाच्या वहीत मात्र १६ क्विंटल लिहिले. आता वहीत ८ क्विंटलची रिकामी जागा तयार झाली. त्या जागेत बाजारातला कोणताही ८ क्विंटल कापूस बसविता येतो व तो सेंद्रिय होऊन बाहेर पडतो. गटात असे ३०० शेतकरी असले तर ही रिकामी जागा २,४०० क्विंटलची झाली. ज्याने कधी सेंद्रिय शेती केलीच नाही त्याचे नाव यादीत घातले तर सगळीच जागा रिकामी. शेतकऱ्याला एक पैसाही जास्त मिळत नाही. विकले जाते ते त्याचे नाव.

४. कायदा काय म्हणतो?

‘खोटा सेंद्रिय माल’ यासाठी वेगळा असा एकच कायदा नाही. जुन्या-नव्या अनेक कायद्यांची कलमे येथे लागू होतात. मुख्य तेवढी सांगतो.

(अ) मालविक्रीचा कायदा, १९३०. वर्णन सांगून माल विकला, तर माल त्या वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. नसेल तर घेणारा माल नाकारू शकतो व नुकसानभरपाई मागू शकतो. येथे विकणाऱ्याची लबाडी सिद्ध करावी लागत नाही. माल वर्णनाप्रमाणे नव्हता, एवढे पुरे.

(आ) अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. वेष्टनावर खोटे वा दिशाभूल करणारे लिहिलेला पदार्थ जो बनवतो, साठवतो, वाटतो किंवा विकतो त्याला ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे. हा कायदा शेतकऱ्याला त्याच्या शेतावर, त्याने पिकविलेल्या मालासाठी लागू होत नाही, असे त्यातच स्पष्ट म्हटले आहे. पण शेतकऱ्याने वा त्याच्या कंपनीने माल स्वच्छ करून, पिशवीत भरून, नाव छापून विकायला काढला की तो खाद्य व्यावसायिक झाला व कायदा लागू झाला.

(इ) व्यापारचिन्हांचा कायदा, १९९९. हा अन्नासारखा कापसालाही लागू आहे. मालाविषयीच्या व्यापारी वर्णनात माल कोणत्या रीतीने तयार केला याचाही समावेश होतो. खोटे वर्णन लावणे आणि तसे वर्णन लावलेला माल विकणे हे दोन्ही गुन्हे असून ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. विकणाऱ्याने योग्य ती सर्व काळजी घेतली होती, त्याला शंका येण्याचे कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला हे त्याने सांगितले, तर तो सुटू शकतो.

(ई) ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. फसवल्या गेलेल्या ग्राहकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

(उ) भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी ही आली. ज्याला लोक सवयीने अजून ‘चारसोबीस’ म्हणतात तो फसवणुकीचा गुन्हा आता कलम ३१८ मध्ये आहे. फसवून माल वा पैसा काढून घेतल्यास ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसविण्यासाठी खोटा दस्तऐवज करणे, आणि तो खोटा आहे हे माहीत असून खरा म्हणून वापरणे, यांनाही तशीच शिक्षा आहे. शेतकऱ्याला अन्न कायद्यातून जी सूट मिळते ती येथे मिळत नाही.

५. कोणाची जबाबदारी किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरील कायदे एकत्र वाचले तर एक सूत्र दिसते. माल ज्या ज्या हातांतून जातो तो प्रत्येक हात आपापल्या साक्षीपुरता जबाबदार असतो. आणि फौजदारी गुन्ह्यासाठी ‘त्याला माहीत होते काय?’ हा प्रश्न निर्णायक ठरतो.

शेतकरी: आपल्या शेतात काय टाकले, कोणते बियाणे पेरले, किती पीक आले, याची साक्ष त्याची. फवारणी करून ‘केली नाही’ अशी सही दिली तर तो फसवणुकीत भागीदार होतो. परंतु शेजारच्या शेतातून बीटीचा पराग मधमाश्यांनी आला, किंवा दुकानदाराने बीटी नाही म्हणून दिलेले बियाणे बीटी निघाले, तर त्यात त्याचा अप्रामाणिक हेतू नाही. माल सेंद्रिय म्हणून नाकारला जाईल, पण तो गुन्हेगार नव्हे. हे लक्षात येताच गटाला लेखी कळवावे व बियाण्याची पावती जपावी. कळून गप्प बसणे हीच धोक्याची जागा.

पीजीएस गटातील शेजारी: दुसऱ्याचे शेत न पाहता त्याच्यासाठी सही करणे ही आपल्याकडे भीड समजली जाते. कायद्याच्या दृष्टीने ते पाहिल्यावाचून दिलेले प्रमाणपत्र आहे.

गटाचा सचिव व कंपनीचे संचालक: यादी, उत्पन्नाचे आकडे व विक्रीची नोंद यांची साक्ष त्यांची. खोट्या आकड्यांचा मूळ दोष येथे लागतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमावलीत शेतकरी गटाला कायदेशीर अस्तित्व असण्याची अट आली. म्हणजे गट हा आता केवळ कागदावरची यादी राहणार नाही. आपल्या गावातील कोणी मुलगा वा सून अशा कंपनीत संचालक झाली असेल, तर ‘मला फक्त नावाला घेतले होते’ ही सबब कायद्यापुढे सहसा टिकत नाही.

जिनिंगवाला व व्यापारी: सेंद्रिय व साधा माल वेगळा ठेवणे, जितका सेंद्रिय घेतला त्याहून अधिक सेंद्रिय न विकणे, आणि प्रमाणपत्र खरे आहे याची पडताळणी करणे हे त्यांचे काम.

दुकानदार: अन्नाच्या कायद्यात विक्रेत्याला दिलेले बिल हीच हमी मानली जाते. म्हणून बिलावर ‘सेंद्रिय’ असे लिहून घेतलेल्या दुकानदाराला आपला बचाव मांडायला आधार असतो. माल कोणाकडून आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यावरच जबाबदारी येऊन पडते.

६. आपले नाव न विचारता वापरले असेल तर?

हा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे गरीब शेतकरी गुन्हेगार नसून फसवला गेलेला असतो. तरीही चौकशीचा माणूस प्रथम त्याच्याच दारी येतो. अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

१) खसरा, भू-अधिकार पुस्तिका, आधार यांच्या प्रती देताना त्यांवर ‘अमुक कामासाठी, अमुक तारखेस’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कदापि देऊ नये. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्याकडून कागद आधी वाचून घ्यावा.

२) गटात असाल तर कराराची, पिकाच्या नोंदीची व विक्रीच्या पावतीची प्रत मागावी. वर्षातून एकदा आपल्या नावापुढे किती क्विंटल लिहिले आहे हे पाहावे. तो आपला हक्क आहे.

३) गटात नसताना नाव आढळले, किंवा आकडा फुगविलेला दिसला, तर प्रमाणन संस्थेस, अपेडास व जिल्हा कृषी कार्यालयास लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. पुढे प्रसंग आला तर हीच पोच आपल्या निर्दोषपणाचा पहिला पुरावा होईल.

४) बनावट सही असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. ती नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, आणि त्यानंतरही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

५) वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. त्यांचा देशभराचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. ग्राहक म्हणून तक्रार असल्यास १९१५ हा क्रमांक आहे.

७. खरे असेल तेवढेच लिहावे

काही बांधव म्हणतील, “फादर, एवढी भानगड असेल तर सेंद्रियाचे नावच नको.” असे म्हणण्याचे कारण नाही. पूर्ण सेंद्रिय व पूर्ण रासायनिक यांच्यामध्ये प्रामाणिक पायऱ्या पुष्कळ आहेत.

देवास जिल्ह्याच्या बागली तहसिलीत समाज प्रगती सहयोग ही संस्था १९९० पासून आदिवासी शेतकऱ्यांत काम करीत आहे. तेथे कीटकनाशकाविना शेती या नावाने जी रीत शिकविली जाते, तिचा दावा नेमका तेवढाच असतो: पिकावर रासायनिक कीटकनाशक नाही. सगळे सेंद्रिय आहे असे त्या नावात म्हटलेले नाही. असे मोजके वर्णन घेणाऱ्याला समजते, आणि त्याचे उत्तरही देता येते.

म्हणून इंदूरच्या घरोघरी गहू, हरभरा वा गूळ विकणाऱ्या आपल्या भगिनींना आमचे सांगणे असे की, युरियाची एक मात्रा दिली असेल तर ‘सेंद्रिय’ लिहू नये. ‘फवारणी केली नाही’ एवढे खरे असेल तर तेवढेच लिहावे. संक्रमणाचे दुसरे वर्ष चालू असेल तर तसे सांगावे. ‘सेंद्रिय खाल्ल्याने मधुमेह वा कर्करोग बरा होतो’ असे तर कधीच सांगू नये. आजारी माणूस अशा बोलण्यावर विसंबून औषध सोडतो, आणि मग ती बाब दंडाची न राहता जिवाची होते. घरात आजारी वा लहान मूल आहे म्हणून पोटाला चिमटा घेऊन दुप्पट भावाने माल घेणारी आई हीच बहुधा सेंद्रियाची गिऱ्हाईक असते, हे विकणाऱ्याने विसरू नये.

खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणात शिकलो. ती न्यायालयातील पिंजऱ्यापुरती आहे असे कोणी समजू नये. पोत्यावर लिहिलेला शब्दही साक्षच असते, आणि ती अशा माणसापुढे दिलेली असते की ज्याला तपासून पाहण्याचे कोणतेही साधन नाही.

धार जिल्ह्यात बदनावर तहसिलीतील भैंसोला येथे मोठ्या वस्त्रोद्योग केंद्राची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. उद्या तेथील गिरण्या सेंद्रिय कापूस मागतील तेव्हा आपल्या मनावर-कुक्षीच्या कापसाला दाराशीच गिऱ्हाईक मिळू शकेल. तो माल विकत घेणाऱ्याने ‘या भागातील कागदावर विश्वास ठेवावा काय?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर दिल्लीत ठरणार नाही. ते आपल्या घरातल्या वहीत, आपण आज काय लिहितो यावर ठरेल.

गटात विचारात घेण्यासाठी प्रश्न

१) आपल्या घरातील कोणाचे नाव सेंद्रिय गटाच्या यादीत आहे काय? कराराची प्रत आपल्याजवळ आहे काय?

२) शेजाऱ्याने आपल्याला न दाखवता फवारणी केली व पीजीएसच्या कागदावर आपली सही मागितली, तर स्नेह न तोडता त्याला काय सांगावे?

३) गेल्या हंगामातील बियाण्याच्या व खताच्या पावत्या आज घरात सापडतील काय? नसतील तर या हंगामापासून त्या कोठे ठेवाव्यात?

४) आपण बाजारात जो माल विकतो, त्याचे वर्णन एका वाक्यात लिहा. त्यातील प्रत्येक शब्दाला पुरावा देता येईल काय?